शिकागोच्या थंडीत पाळीव बदकं कुठे ठेवायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरात गवतावरचं दव पहिल्यांदा गोठतं आणि माझा फोन वाजायला लागतो. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात मी अकरा वर्षं बदकं पाळते आहे. आपल्या मंडळींत माझी ओळख आता ‘बदकवाली’ अशीच झाली आहे, त्यामुळे कोणाच्या मुलाने एप्रिलमध्ये हट्टाने आणलेली पिल्लं मोठी झाली की चौकशी माझ्याकडे येते. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी पशुवैद्य नाही. जे केलं, जे चुकलं आणि जे जाणत्यांकडून शिकले, ते इथे आहे.

बदकांना थंडी वाजते का? रानबदकं तर बर्फावर मजेत बसलेली दिसतात.

कोरड्या थंडीचं बदकाला फारसं काही वाटत नाही. पिसांखाली मऊ लव असते, शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, आणि ते तेल चोचीने अंगभर चोपडण्यात त्याचा अर्धा दिवस जातो. पायांची रचना तर बघण्यासारखी आहे. पायात जाणारी गरम रक्ताची रोहिणी आणि परत येणारी थंड रक्ताची नीला एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. पाय थंडगार राहतात, पण शरीर ४१-४२ अंशांवर टिकतं.

बदक हरतं ते ओल, बोचरा वारा आणि शिकारी प्राणी यांच्यापुढे. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गरम घर शोधू नका. कोरडं, वाऱ्याआड आणि पक्क्या कडीचं घर शोधा.

मग जवळच्या तळ्यावर सोडून दिली तर? तिथे इतर बदकं आहेतच.

नको. हे मला दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतंच, आणि विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांना खरंच वाटतं की आपण बदकाला मोकळं करतो आहोत.

तळ्यावरचं रानबदक, म्हणजे मॅलर्ड, एक-सव्वा किलोचं असतं. पाणी गोठलं की उडून दुसरीकडे जातं. आपलं पांढरं पेकिन जातीचं पाळीव बदक त्याच मॅलर्डचं वंशज, पण माणसाने मांसासाठी वाढवत नेलेलं. १८७३ मध्ये चीनमधून अमेरिकेत आलं ते ताटात वाढण्यासाठीच. त्याचं वजन साडेतीन ते पाच किलो. पंख आहेत, पण ते वजन उचलत नाहीत. अंग पांढरंशुभ्र, त्यामुळे लपता येत नाही. आणि माणूस दिसला की खाणं मिळणार, ही लहानपणापासूनची समजूत.

आपल्या उपनगरांतली बहुतेक तळी पावसाचं पाणी साठवण्यासाठी खणलेली आणि उथळ आहेत. ती लवकर गोठतात. मधे पाण्याचं एक भोक उरतं, ते रोज लहान होत जातं, आणि एका रात्री कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी, बर्फावरून चालत तिथवर पोचतो. सकाळी पिसं तेवढी दिसतात.

शिवाय हा गुन्हा आहे. इलिनॉयच्या ‘ह्यूमेन केअर फॉर ॲनिमल्स ॲक्ट’प्रमाणे पाळलेला प्राणी उपासमार, इजा किंवा थंडीवाऱ्याच्या तोंडी सोडून देता येत नाही.

गॅरेजमध्ये ठेवली तर चालेल का?

एखादी फार वाईट रात्र असेल तर चालेल. गाडी मात्र बाहेर काढा. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू केली की निघणारा कार्बन मोनॉक्साइड पक्ष्यांना आपल्याआधी मारतो. गाडीच्या इंजिनात घालायचं अँटिफ्रीझ जमिनीवर सांडलेलं असतं, ते विष आहे आणि बदक कुठल्याही थारोळ्यात चोच घालतं. फरशी धुऊन घ्या, वर काडाचा जाड थर द्या.

२०१९ च्या जानेवारीअखेर इथे तापमान उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास गेलं, तेव्हा मी दोन रात्री तिघांना गॅरेजमध्ये घेतलं होतं. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते.

आणि घरात? तळघर रिकामंच आहे.

माझं मत विचाराल तर निरोगी बदक हिवाळाभर घरात ठेवू नये. तीन बदकं तळघरात ठेवलीत तर दहा दिवसांत भिंतींना कुबट वास धरेल. घरातल्या उबेची सवय लागलेल्या बदकाला थेट उणे दहात सोडणंही बरं नाही. आजारी बदक आत घेणं वेगळं.

आत घेतलंच तर स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून जी वाफ निघते ती पक्ष्यांच्या फुप्फुसांना जीवघेणी असते. आपल्या फोडणीचा धूरही त्यांना सोसत नाही.

बाहेरचं खुराडं नेमकं कसं असावं?

इथे जरा सविस्तर सांगते, कारण बदक वाचतं किंवा जातं ते इथेच.

जागा: एका बदकाला आतून निदान चार चौरस फूट, पेकिनसारख्या जाड्याला सहा. उंची फार नको. बदकं कोंबड्यांसारखी दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात. दार रुंद हवं, कारण आत जाताना तिघं एकदम घुसतात. चढ असला तर अगदी मंद, बदकाचे पाय चढणीसाठी नाहीत.

जमीन: लाकडी भुश्याच्या थरावर गव्हाचं काड. ओलं झालं की वर नवं काड टाकत राहायचं, हिवाळाभर उपसायचं नाही. मार्चपर्यंत ढोपरभर थर होतो, खालचा कुजत जातो आणि थोडी ऊब देतो. मार्चमध्ये तो उपसताना कंबर मोडते, पण पुढे वांगी आणि टोमॅटो असे येतात की शेजारी दारात उभे राहतात. गवताची गासडी घेऊ नका, काडाचीच घ्या. गवत ओल धरतं आणि त्याला बुरशी येते.

हवा: नवखे लोक थंडीच्या भीतीने सगळ्या फटी बुजवतात आणि चुकतात ते इथेच. बदकाच्या श्वासातून आणि विष्ठेतून खूप ओल निघते. ती बाहेर गेली नाही तर रात्री छताला चिकटते, गोठते आणि सकाळी पाठीवर ठिबकते. छपराखाली, बदकांच्या डोक्याच्या बऱ्याच वर, दोन्ही बाजूंना झरोके ठेवा. सकाळी छताला आतून गोठलेलं दहिवर दिसलं, किंवा दार उघडताच उग्र वासाने डोळे चुरचुरले, तर झरोके कमी पडताहेत असं समजा.

जाळी: कोंबड्यांची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, रकूनला, म्हणजे रात्री हिंडणाऱ्या, हातांनी चपळ अशा इथल्या रानटी प्राण्याला, बाहेर ठेवत नाही. तो ती हाताने फाडतो. अर्ध्या इंचाच्या चौकटीची वेल्डेड जाळी लावा, झरोक्यांनाही आणि जमिनीखालीही. मिंक नावाचा मुंगसासारखा प्राणी आहे, त्याला इंचभर भोक पुरतं. एकदा आत शिरला की एक मारून तो थांबत नाही.

कडी: हे लिहिताना अजून त्रास होतो. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या दाराला साधा आकडा होता. रकूनने तो उचलला. ठकी नावाची माझी खाकी कॅम्पबेल जातीची बदकीण त्या रात्री गेली. तेव्हापासून कोयंड्यात गिर्यारोहकांचा असतो तसला स्प्रिंगचा हुक अडकवते. रकूनचे हात म्हणजे दोन-तीन वर्षांच्या मुलाचे हात. मुलाला उघडता येईल ती कडी कडीच नव्हे.

एक शेवटचं, जे कोणी सांगत नाही. खुराडं बांधून झालं की चुंबक फिरवून प्रत्येक खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा उचला. बदकाला चमकणारी वस्तू दिसली की ते गिळतं. जस्ताचा मुलामा असलेला एक स्क्रू पोटात राहिला तरी विषबाधा होते.

हीट लॅम्प लावू का?

नका लावू. कोरडं काड, उडणारी पिसं, पंखांची फडफड आणि त्यावर लोंबणारा तापलेला दिवा. खुराडी जळतात ती अशीच. मोठ्या निरोगी बदकांना दिव्याची गरज नसते.

अपवाद मस्कोव्ही जातीच्या बदकाचा. ते मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेचं, मॅलर्डचं वंशज नाही. तोंडावरच्या लाल मांसल गाठींना आणि पायांना हिमदंश लवकर होतो. मस्कोव्ही असेल तर बंदिस्त, जास्त उबदार गोठ्याची सोय असलेल्या माणसाचाच शोध घ्या.

रात्री पाणी ठेवायचं का?

खुराड्यात नाही. बादली सांडली की अंथरूण गेलं. मात्र पाणी काढलं तर खाणंही काढा. बदक प्रत्येक घासाबरोबर पाणी पितं, कोरडं खाणं घशात अडकतं.

दिवसा पाणी लागतंच, आणि चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल लागतं. डोळे आणि नाक ते तसंच धुतात. विजेवर गरम राहणारी बादली इथल्या शेतीच्या दुकानांत मिळते, हिवाळ्यात मी केलेला सगळ्यात शहाणा खर्च तोच. वीज पोचत नसेल तर काळ्या रबराची दोन घमेली घ्या. एकातलं गोठलं की उलटं करून पाय द्यायचा, बर्फाची वडी निघते, दुसरं भरून ठेवायचं. प्लॅस्टिकचं घमेलं पहिल्याच आठवड्यात तडकतं.

पोहायला नाही मिळालं तर?

काही आठवडे चालतं. ऊन पडलेल्या, शून्याच्या वर गेलेल्या दुपारी मी लहान टब भरते. उणे दहाच्या खाली मात्र पोहणं बंद, नुसती बादली.

खायला जास्त द्यावं का?

हो, थोडं जास्त. एरवी एका बदकाला दिवसाला १५० ते २०० ग्रॅम पुरतं, थंडीत त्याहून जास्त लागतं. संध्याकाळी मूठभर मका दिला की रात्री पचताना ऊब मिळते. कोंबड्यांचं खाद्य देत असाल तर वर ब्रुअर्स यीस्टची पूड भुरभुरा, कारण बदकांना नायसिन हे ब जीवनसत्त्व जास्त लागतं आणि ते कमी पडलं की पाय अधू होतात. फ्रीजरमधले मटार कोमट पाण्यात टाकून दिले तर ती तुमची गुलाम होतील. पाव आणि शिळी पोळी नको. गोठलेल्या जमिनीत त्यांना खडे सापडत नाहीत, म्हणून बारीक खडी वेगळी ठेवा.

डिसेंबरात पाच आठवडे भारतात जायचंय. बदकांचं काय करू?

आपल्या लोकांचा खरा प्रश्न हाच. लग्नं डिसेंबरात, शाळेला सुट्टी डिसेंबरात, आणि बदकांची सगळ्यात जास्त देखभालही डिसेंबरातच. पाच आठवडे म्हणजे “शेजारच्या मुलाला दहा डॉलर देऊ” इतकं सोपं नाही.

पहिली अडचण सूर्याची. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि बहुतेकांचं ऑफिस सुटतं पाचला. कोंबड्या अंधार पडला की आपल्या पायाने घरात जातात. बदकं जातील याचा नेम नाही, चांदण्यात ती बाहेर गप्पा मारत बसतात. कोणीतरी रोज दिवेलागणीला येऊन त्यांना हाकत आत न्यावं लागतं. आपोआप बंद होणारं दार बसवलं आणि बदक बाहेर राहिलं, तर ते दार शिकाऱ्याच्याच सोयीचं.

म्हणून माणूस शोधताना आधी विचारा की तो दुपारी चार वाजता घरी असतो का. निवृत्त माणसं, घरून काम करणारे, घोडे किंवा शेळ्या पाळणारे यांच्याकडे हे जमतं. शेतकी क्लबात जाणाऱ्या मुलांच्या घरीही बरेचदा रिकामा गोठा असतो.

दुसऱ्याच्या घरी ठेवणार असाल तर सप्टेंबरातच बोलून ठेवा आणि निघण्याआधी निदान तीन आठवडे बदकं तिथे पोचवा. सूटकेस भरायच्या गडबडीत नेऊ नका. यजमानाची स्वतःची बदकं असतील तर तुमची महिनाभर वेगळी राहायला हवीत, म्हणजे आजार इकडून तिकडे जात नाही. खाद्य, काड आणि गरम बादली तुम्ही पोचवा. जवळपास बदकं तपासणारा पशुवैद्य कोण, हे आधी फोन करून विचारा, कारण कुत्र्यामांजरांचे बरेच डॉक्टर बदकाला हात लावत नाहीत. त्याच्याकडे उपचाराच्या खर्चाची हमी देऊन ठेवा. तुम्ही तेव्हा पुण्यात गाढ झोपेत असणार.

नेताना कुत्र्याच्या पिंजऱ्यात काड घालून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नाही. हीटर मंद ठेवा.

आणि येताना एक काळजी. गावी कोणाच्या पोल्ट्रीत गेला असाल तर ते बूट घालून इथल्या खुराड्यात जाऊ नका. विमानतळावर शेतावर गेल्याचं विचारलं तर खरं सांगा.

आता ठेवणं जमतच नाही. कायमचं घर कसं शोधू?

लाज वाटून घेऊ नका, पण घाई करू नका. प्राण्यांची आश्रयस्थानं नोव्हेंबरात भरलेली असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फोन केलात तर आशा जास्त, आणि नाही म्हणाले तरी प्रतीक्षायादीत नाव घाला. दुसरीकडे काउंटीची प्राणी-सेवा, मोठ्या जनावरांचे पशुवैद्य, खाद्याच्या दुकानातला सूचनाफलक, असं एकदम सुरू करा.

‘मोफत द्यायची आहेत’ अशी जाहिरात लिहू नका. फुकट बदक म्हटलं की बऱ्याच जणांना रविवारचं जेवण दिसतं. बदक खाणाऱ्याशी माझं भांडण नाही, आपल्याकडेही खातात. पण तुमच्या मुलीने ज्याचं नाव ‘लाडू’ ठेवलंय त्याचं काय होणार हे आधी स्पष्ट व्हावं. मी सरळ विचारते, “पाळायला हवंय की खायला?” बहुतेक लोक खरं सांगतात. थोडी किंमत लावली की नुसते चौकशीबहाद्दर गळतात.

घर बघायला स्वतः जा, आणि जमलं तर संध्याकाळी. दिवसा प्रत्येक अंगण छान दिसतं. मी तिथे गेल्यावर फार बोलत नाही, कडी बघते, झरोके बघते, काडात हात घालून ओल बघते. आधीची बदकं असतील तर त्यांचे तळवे बघते. तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर जमीन खडबडीत किंवा घाण आहे. “आमची बदकं हिवाळाभर तळ्यावरच असतात” असं कोणी कौतुकाने सांगितलं तर चहा पिऊन परत यायचं.

देताना एक साधा कागद करा: पुढे जमलं नाही तर बदक आधी मला परत द्याल. कोर्टात त्याचं काय होईल कोण जाणे, पण सही केलेला माणूस फोन तरी करतो. आणि वय खरं सांगा. बदक आठ-दहा वर्षं सहज जगतं, समोरच्याला हे कळू द्या.

राज्याबाहेर, म्हणजे विस्कॉन्सिन किंवा इंडियानात द्यायचं असेल तर आरोग्याचे कागद लागतात. ज्या राज्यात जाणार तिथल्या पशु-आरोग्य विभागाला आधी विचारा.

माझे चारही नर निघाले. कोणीच घेत नाही.

नेहमीचंच. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्या लागतात, नाहीतर माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात, जखमा होतात. म्हणून सगळ्यांना माद्या हव्या असतात. नुसत्या नरांचा कळप मात्र माद्या दिसत नाहीत तोवर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतो. ‘चार नर, एकत्र वाढलेले, आवाज कमी’ अशी जाहिरात द्या. ते खोटंही नाही. मोठ्याने क्वॅक करते ती मादी, नराचा आवाज घोगरा आणि हलका. शेजाऱ्यांची कटकट असलेल्या घरांना नर परवडतात. ओळखायचं असेल तर शेपटीवरचं कुरळं पीस बघा.

बर्ड फ्लूचं काय?

२०२१ च्या अखेरीस बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू कॅनडात आला, २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पोल्ट्र्यांत शिरला आणि रानपक्ष्यांत पसरत गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या डोक्यावरून जाणारे थवे तो नेतात. बदकाला लागण होऊनही ते ठणठणीत दिसू शकतं, ही खरी पंचाईत. हिवाळी घराच्या अंगणावर छप्पर किंवा जाळी हवी, खाद्य उघड्यावर नको, आणि तळ्याकाठी फिरलेले बूट खुराड्यात नकोत. बदकं अचानक मरायला लागली तर हात न लावता राज्याच्या पशुवैद्यांना फोन करा. त्या काळात बदकांची देवाणघेवाण बंद.

आमच्या तळ्यावर कोणीतरी पांढरं बदक सोडलंय, आणि कडेने बर्फ धरायला लागलाय.

बर्फावर पाऊल टाकू नका. कारंजं किंवा हवेचा पंप असलेल्या तळ्यावर बर्फ कुठे पातळ आहे हे वरून कळत नाही.

चार-पाच दिवस रोज एकाच वेळी, एकाच जागी मटार टाका. ते काठावर, मग गवतात येईल. मग पाच-सहा जण जमा. पाण्याच्या बाजूने हळूहळू भिंत करा आणि त्याला कुंपणाच्या कोपऱ्याकडे चालवत न्या. पळायचं नाही, ओरडायचं नाही. हाती आलं की दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला. पाय किंवा मान धरून कधीच नाही. पाणी मधे गोठत आलं असेल तर स्थानिक बचाव गटाला किंवा प्राणी-सेवेला बोलवा, त्यांच्याकडे होड्या आणि जाळी असतात.

बदकाचे पाय फिकट पडलेत, टोकं काळी दिसतात.

हिमदंश असू शकतो. आत घ्या, कोमट पाण्यात पाय ठेवा, चोळू नका, गरम पाणी किंवा हेअर ड्रायर नको. त्याच दिवशी डॉक्टर.

नाशिककडे आमची दहा बदकं आहेत. तिथे हे सगळं करायला हवं?

नाही. माझं माहेर निफाडचं. मी इथून गरम बादलीचं कौतुक सांगितलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, “अगं, इथे आम्ही द्राक्षांसाठी पहाटे शेकोट्या पेटवतो, बदकांसाठी कोणी उठत नाही!” तिचं बरोबर आहे. निफाडचा पारा एक-दोन अंशांवर आला तरी मोठ्या बदकाला ते सहज सोसतं. उत्तरेकडून येणारा वारा अडवायला गोणपाट आणि खाली कोरडा पेंढा पुरे. चिंता करायची ती मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्र्यांची. जाळी आणि कडीचं वर लिहिलंय ते तिथेही लागू आहे.

आणि नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या जवळ राहत असाल तर तिथल्या पाण्यावर आपली बदकं नेऊ नका. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे हजारो पाहुणे तिथे उतरतात. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. रोग त्यांच्याकडून आपल्यात आणि आपल्याकडून त्यांच्यातही जाऊ शकतो.

तीनपैकी एकच उरलंय. हिवाळाभर एकटं ठेवू का?

शक्यतो नको. रात्री ती एकमेकांना बिलगून झोपतात, आणि एकटं बदक खाणं सोडू शकतं. जोडीदार आणा किंवा त्यालाच कळपात द्या. जोडीदार मिळेपर्यंत खुराडं लहान करा, मधे काडाच्या गासड्या लावून. ठकी गेल्यावर उरलेली चिमी तीन आठवडे अशीच गासड्यांच्या खोपटात राहिली, आणि मी रोज दिवेलागणीला तिच्याशेजारी उलट्या बादलीवर बसून कॉफी प्यायचे.